सराव संपल्याचं कुणी सांगितलं नाही

१ एप्रिल

आजपासून मिनातोमाची शाखा. नवी वही उघडायला याहून चांगलं निमित्त नाही.

स्टेशनवरून चालतच आले. बंदराकडून वारा येत होता आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या माकुलांचा वास सगळ्या गल्लीभर होता. बँकेने दिलेली खोली छोटी पण उजेडाची आहे. खिडकीतून दीपगृह दिसतं.

बावीस वर्षं मुख्यालयाच्या कर्ज विभागात काढली. आरोग्य पर्यवेक्षकाची परीक्षा दिली तेव्हा सहकारी हसले होते. बँकेत कसले अपघात, फार तर कागदाने बोट कापेल, असं म्हणाले होते. पण मान, पाठ, डोळे, उडालेली झोप, काउंटरवर ओरडणारी गिऱ्हाइकं हेही अपघातच असतात, फक्त सावकाश होणारे. हे मी मनापासून मानते. बदलीच्या आदेशावर ‘सुरक्षा व आरोग्य अधिकारी’ हे शब्द वाचून गाडीत एकटीच हसले. हे लिहावं का, असा विचार केला. लिहिते. स्वतःच्या वहीत तरी खोटी नम्रता कशाला?

मॅनेजर तोगाशीसाहेब पन्नाशीचे, गोल्फच्या उन्हाने रापलेले, मोठ्या आवाजाचे. मला पाहताच म्हणाले, या या, आरोग्यदेवी अवतरल्या, आता आमच्या सिगारेटी विसर्जित करा. उपव्यवस्थापक एबिसावा उंच, हडकुळे आणि सतत थट्टेच्या शोधात असलेले. त्यांनी विचारलं, बाई आमच्या डब्यातलं मीठही मोजणार का? तीन नंबरच्या खिडकीवरच्या मुरोईसान शाखेत सर्वांत जुन्या. त्या फक्त वाकून हसल्या आणि मला चहा आणून दिला.

सकाळी रेडिओवरची कवायत झाली, मग सुरक्षेची शपथ. भिंतीवर हिरव्या क्रॉसचा फलक आहे, ‘अपघाताविना दिवस’. शेजारी मुख्यालयाचं मानचिन्ह. ‘शून्य अपघात’ मोहिमेत गेल्या वर्षी ही शाखा पहिली आली. फलकावरचा आकडा रोज बदलायचं काम आता माझं. मी बोट दाखवून आकडा मोठ्याने वाचला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं.

४ एप्रिल

शाखेची पाहणी केली. मुरोईसानच्या खुर्चीचा गॅस गेलाय, त्या वर्षभर घसरत घसरत काम करतायत. नाण्यांच्या पिशव्या सगळे कमरेतून वाकून उचलतात. त्यांना गुडघे वाकवून उचलून दाखवलं. एबिसावांनी माझी नक्कल केली. नक्कल चांगली होती, मीही हसले.

प्रत्येक खिडकीखाली टोपलीत दोन नारिंगी गोळे असतात. दरोडेखोर पळू लागला की त्याच्या अंगावर नाहीतर पायाशी फेकायचे. फुटले की असा रंग उडतो की धुऊन जात नाही, आणि एक उग्र वासही येतो. दरवर्षी जूनमध्ये पोलीस येऊन दरोड्याचा सराव घेतात. सरावाचा नियम मी मुख्यालयात असताना पाठ केला होता. सगळ्यांनी हात वर करायचे, आणि चालवणारा ‘सराव समाप्त’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. मध्येच कुणी हसलं, बसलं, पाणी प्यायलं तर सरावाला अर्थ नाही. यंदापासून ती घोषणा सुरक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मी करायची आहे.

दोन नंबरची खिडकी रिकामी आहे. तिच्याखालच्या टोपलीत एकच गोळा आहे. मुरोईसानना विचारलं तर म्हणाल्या, तिथे इशिगामी कानाए बसायची. गेल्या वर्षी वारली. इथेच, दुपारच्या सुट्टीत, जेवता जेवता. चौतीस वर्षांची होती. मी पुढे काही विचारणार तोच एबिसावा मधे आले आणि नाण्यांच्या पिशवीला माझ्या नावाने नमस्कार करू लागले.

मी नवा गोळा मागवला. खुर्चीही.

१५ एप्रिल

पेन्शनचा दिवस. सकाळपासून म्हाताऱ्यांची रांग. दारातल्या गार झोताने त्यांना त्रास होतो म्हणून मी पडदी लावून घेतली होती, तिचं कौतुक झालं.

साडेअकराच्या सुमाराला, सुट्टीचं शटर खाली यायच्या थोडं आधी, एक आजोबा आले. मुरोईसानची खिडकी मोकळी होती, पण ते दोन नंबरच्या रिकाम्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. कानाएचे वडील. भूशिराजवळ राहतात, समुद्रात मडकी सोडून ऑक्टोपस धरायचे. मुरोईसान उठून आत गेल्या, म्हणून मीच पुढे झाले.

मला म्हणाले, ताई तुम्ही नव्या दिसता, तुम्हाला नाही माहीत व्हायचं. तरी विचारतो. पोरीच्या डब्यात त्या दिवशी ऑक्टोपस मी घातला होता. कोवळा म्हणून कमी उकडला. तिच्या घशात अडकला तो तोच तुकडा असणार ना? साहेब म्हणाले, घास अडकला, धाप लागली, आधीच दुबळं काळीज, ते थांबलं. पण कुठला घास ते काही बोलले नाहीत. डबा परत आला तर धुतलेला. सगळं संपवलेलं होतं, ताई. म्हणजे आवडलं होतं तिला.

 चौकशी करते, असं मी म्हणाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून इतकं खाली वाकून नमस्कार केला की मला लाज वाटली. मी अजून काहीच केलं नव्हतं.

२३ एप्रिल

सकाळी फलकावर शून्य होतं.

काल मीच आकडा लावला होता. प्लॅस्टिकच्या पाट्या आहेत, वाऱ्याने उलटत नाहीत. वाटलं, एबिसावांची थट्टा. पण ते पाहून ते हसले नाहीत. तोगाशीसाहेबांनी स्वतः पाट्या बदलल्या आणि मला म्हणाले, आकडा सांभाळणं हे तुमचं काम आहे कुझुमीसान, तेवढं तरी जमू द्या.

दोन नंबरच्या टोपलीत पुन्हा एकच गोळा. नवा मी स्वतःच्या हाताने ठेवला होता.

८ मे

सुट्ट्यांचा आठवडा संपून शाखा उघडली. फलक शून्यावर. आता रोजच. मी सगळ्यांच्या आधी येऊन आकडा लावते आणि कुणाला सांगत नाही. यात लबाडी आहे का? आहे, थोडी. पण खरा आकडाच लावते आहे, असं स्वतःला सांगते.

दुपारी शटर खाली जाताच पाठीमागे फट् असा आवाज झाला, ओलं काहीतरी फुटल्यासारखा. एबिसावा दोन नंबरच्या खिडकीजवळून जात होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर नारिंगी रंग. ते गर्रकन वळून ओरडले, कोण आहे रे तो, पगारातून कापीन. पण सगळे जागेवर बसलेले होते आणि कुणाच्या टोपलीतला गोळा कमी झालेला नव्हता.

शर्ट काढला तर रंग खाली कातडीवरही होता. तेलाने, साबणाने, स्पिरिटने घासून पाहिलं. मी त्यांच्या पाठीला हात लावला. रंगाखाली ती बर्फासारखी गार होती.

१४ मे

मुरोईसान आज हातमोजे घालून नोटा मोजत होत्या. त्वचेचा त्रास असेल, तर नोंदवायला हवा म्हणून मी त्यांना विश्रांतीच्या खोलीत नेलं आणि मोजे काढायला सांगितले. दोन्ही हात मनगटापर्यंत नारिंगी. भांडी घासताना जेवढे पाण्यात बुडतात तेवढेच.

मग त्या बोलल्या. जमेल तसं त्यांच्याच शब्दांत उतरवते, कारण माझ्या शब्दांत मी ते नकळत सौम्य करीन.

आदल्या वर्षीच्या सरावात पोलिसांनी शाखेला सुस्त म्हटलं होतं म्हणे, म्हणून गेल्या वर्षी साहेबांनी पोलिसांच्या आधी आपलाच एक सराव घ्यायचा ठरवला. कुणाला न सांगता. सुट्टीचं शटर खाली गेलं, कानाएने डबा काढून टेबलावर ठेवला, आणि मागच्या दाराने मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन आला. एबिसावा. तो सरळ दोन नंबरवर गेला. साहेबांनीच सांगितलं होतं, ती पोर भित्री आहे, तिलाच धरा म्हणजे खरं वाटेल. कुझुमीसान, तिच्या काळजाचं साहेबांना ठाऊक होतं. तपासणीनंतर डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं होतं, हिला धक्का बसेल असं काही नको. कानाएने एका हातात गोळा घेतला आणि तशीच खुर्चीवरून खाली गेली. साहेब घड्याळ धरून उभे होते. म्हणाले, वा इशिगामी! बघा, याला म्हणतात अभिनय! तेव्हा आम्हाला कळलं की सराव आहे. आणि कळलं म्हणून आम्ही हललो नाही. ती माझ्या पायाशी होती. तिचे ओठ निळे होताना मला दिसत होते. आणि माझे हात वर होते. ‘सराव समाप्त’ कुणी म्हटलंच नव्हतं ना. साहेब तिथेच चुका सांगत बसले, कोण उशिरा उठलं, कोण हसलं. शेवटी एबिसावाने मुखवटा काढला आणि म्हणाला, उठ की आता राणी, झालं नाटक.

त्यानंतर साहेबांनी ठरवलं की हे दुपारच्या सुट्टीत, जेवताना झालं, म्हणजे कामावरचा अपघात नाही. सराव झालाच नव्हता. डबा मुरोईसाननी रिकामा केला. भात, अंड्याची वळकटी, ऑक्टोपस, सगळं पिशवीत. घासला, पुसला, त्याच फडक्यात बांधला. कानाएच्या हातातला गोळा मात्र नंतर कुणाला सापडला नाही.

त्या म्हणाल्या, आजोबांना मीच जाऊन सांगते, मग हे हात गळून पडले तरी चालतील. मी त्यांना थांबवलं. घाई नको, आधी मुख्यालयात रीतसर नोंद होऊ दे, नाहीतर साहेब सगळं नाकारतील आणि म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा मार बसेल. सांगायचं काम माझं, असं मी म्हणाले. शब्द दिला.

मी बरोबर केलं ना?

१६ मे

तोगाशीसाहेबांशी बोलले. दार लावून. त्यांनी नाकारलं नाही, याचंच मला जास्त भय वाटलं.

म्हणाले, ती सरावाने गेली की काळजाने, हे देवाला विचारा. गेली एवढं खरं. मेलेल्याचं आरोग्य बघायचं काम देवळातल्या भिक्खूचं, तुमचं जिवंतांचं. शाखेत अकरा माणसं आहेत, ती उघडी पडतील. मग आवाज खाली आणून म्हणाले, मुख्यालयात सुरक्षा विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होते आहे. सबंध बँकेच्या खुर्च्या बदला, कंबरा वाचवा, कोण अडवतंय? जून नीट जाऊ द्या फक्त.

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. घरी येऊन विचार केला, त्या जागेवर असेन तर असा सराव पुन्हा कुठल्याच शाखेत होऊ देणार नाही. हे खरं आहे. पण हे मला इतक्या झटकन सुचलं की त्याचाच संशय येतो.

१९ मे

आज रजा टाकली. बसने भूशिरावर गेले. सांगायचंच, असं ठरवून.

आजोबा दारात बसून मडक्यांच्या दोऱ्या दुरुस्त करत होते. आता समुद्रात जात नाही म्हणाले, पण हात रिकामे ठेववत नाहीत. चहा दिला. खायला दुकानातला गोड पाव, पाकिटासकट. म्हणाले, माफ करा ताई, हातचं काही देत नाही हल्ली कुणाला. चूल बंदच आहे. माझ्या हाताला काहीतरी लागलंय.

फडक्यात बांधलेला डबा देव्हाऱ्यात तिच्या फोटोसमोर होता.

एक वाक्य पुरेसं होतं. तिने त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता. पण ते म्हटलं की पुढचं सगळंच सांगावं लागेल, आणि नोंद अजून व्हायची आहे, आणि ते रागाच्या भरात बँकेत आले तर, आणि मी — मी पाव खाल्ला. चांगला आहे म्हणाले. चौकशी चालू आहे म्हणाले. आजोबा बसपर्यंत सोडायला आले. बस वळेपर्यंत वाकून उभे होते.

२८ मे

एबिसावा कपडे बदलायच्या खोलीत सापडले. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात वर. जेवणाच्या सुट्टीपासून तसेच. दोघांनी मिळून ओढले तरी हात खाली येईनात. शिपायाला म्हणत होते, तिला सांगा झालं नाटक, मी मुखवटा काढला होता, सांगा ना तिला.

स्ट्रेचरवरही हात वरच. रुग्णवाहिकेच्या दारातून आत जाताना वाकवावे लागले. इस्पितळातून कळलं, औषधाने झोपवलंय. झोपेतही —

मुरोईसाननी आज नोकरी सोडली. बहिणीकडे जाते म्हणाल्या. जाताना विचारलं, सांगितलंत ना आजोबांना? मी मान हलवली. मान कशीही हलवता येते.

३ जून

साहेबांना विनवलं, यंदा सराव नको. ते म्हणाले, का, भूत येईल? पोलीस येण्याआधी तालीम झालीच पाहिजे, मुख्यालय विचारतंय. एबिसावा नाही तर मुखवटा मी घालतो. ती असलीच तर मला धरू दे की, आमने-सामने हिशेब होईल.

सगळे हसले. भीतीने हसले.

मी अधिकारी आहे. मी लेखी हरकत घेऊ शकले असते. घेतली नाही. का? खरं लिही, कुझुमी ओरिए. मला पाहायचं होतं.

५ जून

लिहायलाच हवं. 

साडेअकरा. शटर खाली. सगळे जागेवर, सगळ्यांना आधी सांगितलेलं. मी मध्यभागी. मागचं दार उघडलं, साहेब मुखवट्यात. मजेत होते. थेट दोन नंबरवर गेले, रिकाम्या खुर्चीवर ओरडले, भर पैसे, भर लवकर, भित्रे!

फट्.

छातीवर. नारिंगी. फेकताना कुणी दिसलं नाही. तो वास. ते खाली बसले, मग आडवे झाले. आम्हा सगळ्यांचे हात वर. माझेही — मी केले नव्हते.

मुखवट्यातून म्हणाले, कुझुमीसान, बोला. बोला ना. श्वास —

दोन शब्द होते. माझ्याकडे होते. तोंडात तयार होते.

आणि मला आठवलं — वा इशिगामी. आठवली बंद चूल. मला वाटलं, पडू दे. थोडा वेळ. तिला जेवढा वेळ ठेवलं तेवढा. हे मला वाटलं. दुसऱ्या कुणाला नाही, मला. गोड वाटलं.

मग त्यांचा आवाज थांबला आणि मी बोलायला गेले तर माझाच आवाज नव्हता. तेव्हापासून नव्हता की आत्ताच गेला? मी दिला नाही की आला नाही? कितीही प्रामाणिक राहिले तरी हे मला कळत नाही.

मग टाळ्या. आमचे सगळ्यांचे हात वर होते आणि टाळ्या वाजत होत्या. दोन नंबरच्या खिडकीमागून. सावकाश.

साडेबाराला शटर आपोआप वर गेलं. उजेड आला तसे हात खाली आले. तोपर्यंत साहेब —

६ जून

आवाज परत आला. बसलेला, पण आहे.

मुख्यालयातून फोन. आता शाखा माझ्याकडे. गृहस्थ हळहळले, मग विचारलं, कामाच्या वेळेत झालं की सुट्टीत?

मी म्हणाले, दुपारच्या सुट्टीत.

खोटं नाही. शटर खाली होतं. सुट्टीच होती. ते म्हणाले, सुटलो, म्हणजे तुमचा फलक शाबूत.

फोन ठेवला. तळहातावर नारिंगी ठिपका, तांदळाएवढा.

मीही तेच वाक्य बोलले. कानाएच्या वेळी साहेबांनी सांगितलेलं. शब्दाला शब्द.

१० जून

ठिपका आता तळहातभर. गार.

भूशिरावर जायला दोनदा निघाले. बसच्या दाराशी हात आपोआप वर जातात. लोक समजतात, मी बसला थांबवते आहे.

ती मला जाऊ देत नाही? पण सांगावं हेच तर तिला —

की आता उशीर झाला, असं ती म्हणते आहे? मे महिन्यात माझे हात मोकळे होते.

१२ जून

फोन लावला. आजोबा म्हणाले, कोण? आवाज येत नाही, ताई तुम्ही का? सांगा ना. बराच वेळ सांगा ना, सांगा ना म्हणत राहिले.

तोंड उघडं. आवाज नाही. कामाचं सगळं बोलता येतं. हेच तेवढं नाही.

१३ जून

मोकळ्या शाखेत उभी राहून म्हणून पाहिलं. सराव समाप्त. आलं! आवाज आला. मोठ्याने, चार वेळा.

काही झालं नाही. फलकावर शून्य.

मग कळलं. ती या शब्दांची वाटच पाहत नाही. तिचा सराव डब्यापाशी अडकलाय. म्हाताऱ्याला कळेल तेव्हा संपेल. ते सांगणं माझ्यावर होतं — मी मागून घेतलं होतं. मुरोईसान सांगणार होत्या.

परवा पेन्शनचा दिवस. ते येतील. बोलता आलं नाही तर लिहून देईन. चिठ्ठी आजच लिहिते.

१३, नंतर

चिठ्ठी लिहिता येत नाही. वेगळ्या कागदावर बोटं वळत नाहीत. या वहीतच चालतात.

ठीक. वहीच देईन. सगळी.

१५ जून

शाखेत. दोन नंबरच्या खिडकीत. माणसं कमी, म्हणून मीच बसले — नाही, बसवली गेले.

ते आले. शेवटचे. शटर खाली आलं आणि ते आतच राहिले. मांडीवर फडक्यातला डबा. म्हणाले, हा इथेच ठेवा ताई, घरात बघवत नाही. फक्त एकदा सांगा. तुकडा माझाच होता ना? हो म्हणा. मी रडणार नाही. हो कळलं तरी पुरे, मग मी माझं बघतो.

माझं बघतो म्हणाले. मागे समुद्राकडे बोट केलं.

तोंड उघडत नाही. मागे सगळ्यांचे हात वर. माझा डावा वर. उजवा अजून —

खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे. गार. रंगाचा वास. रागावलेला श्वास, धाप लागल्यासारखा.

लिहिते. त्यांच्याकडे सरकवते. ते खिशातून चष्मा काढतायत.

इशिगामीसान, हे वाचा. मी कुझुमी. मला मे महिन्यापासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, त्याचं कारण असं की मला आधी रीतसर नोंद करून, म्हणजे तुमच्याच भल्यासाठी, निदान मला तसं वाटत होतं की —

नको. हे माझं. माझं नको. आधी त्यांचं.

तिने मनगट धरलंय. वर ओढते आहे. एक वाक्य. एकच —

इशिगामीसान, तुमच्या हातच्या त्या ऑक्टोपसने ती